जुन्या इमारतीतील फ्लॅटचे दोष सांगणे दलालावर बंधनकारक आहे का?

ठाणेकर :
ठाण्यातील १९८८ साली बांधलेल्या एका इमारतीत मी दलालामार्फत फ्लॅट घेत असून विसारापोटी दोन लाख रुपये दिले आहेत. साठेखत (विक्रीचा करार) अद्याप झालेले नाही. पुढे सोसायटीच्या कार्यालयात गेलो असता सचिवांकडून कळले की स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत) इमारत सी-२ए वर्गात गेली आहे, म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती करावी लागणार आहे. शिवाय बाथरूमच्या छताची गळतीही जुनीच आहे. आम्हाला दाखवताना तेथे ताजा रंग होता. दलालाला जाब विचारला तर त्याने "तुम्ही विचारलेच नाही" असे उत्तर दिले. तो विक्रेत्याकडूनही दलाली घेणार आहे, हे मला विक्रेत्याच्याच बोलण्यातून समजले. महारेराकडे (महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) तक्रार करता येईल का?

कायदेकारण :
या व्यवहारात महारेराचा फारसा उपयोग होणार नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील (रेरा) कलम ९ आणि १० एजंटांना महारेराकडे नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीच्या संदर्भात बांधतात. तेथे दिशाभूल केल्यास, किंवा बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची कागदपत्रे मिळवून न दिल्यास, दिवसाला दहा हजार रुपयांप्रमाणे, सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमची जुनी इमारत असा नोंदणीकृत प्रकल्प नसल्याने त्या चौकटीत येत नाही, मग दलालाच्या कार्डावर महारेराचा क्रमांक छापलेला असला तरीही.

तुमचा खरा आधार विक्रेत्याविरुद्ध आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे, आणि तसे न करणे ही फसवणूक समजली जाते. रंगाखाली झाकलेली गळती यात सरळ बसते. ऑडिटच्या अहवालाबाबत मात्र समोरचा वकील म्हणेल की तो सोसायटीत विचारल्यास मिळाला असता, आणि हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही.

दलालासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ पाहावा. सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे स्पष्टपणे धरलेले आहे, त्यामुळे तुम्ही दलाली दिली असेल किंवा देण्याचे कबूल केले असेल, तर "विचारलेच नाही" या उत्तराने तो सुटत नाही. मात्र त्याला अहवालाची माहिती होती हे तुम्हाला सिद्ध करावे लागेल. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दिलेला मोबदला, म्हणजे येथे दलाली, पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही.

एजंट, डोंबिवली :
मी याच व्यवसायात आहे. दोन्हीकडून दलाली घेणे आमच्याकडे सर्रास चालते आणि ते दोघांना आधी सांगितलेले असेल तर त्यात गैर काही नाही; लपवून घेतली की तो नक्की कोणासाठी बोलत होता हा प्रश्न उरतोच. विसार देण्यापूर्वी सोसायटीकडून थकबाकीचा दाखला, ऑडिटचा अहवाल आणि दुरुस्तीच्या वर्गणीचा ठराव मागावा, कारण सी-२ए इमारतीत ती वर्गणी बहुधा नव्या मालकाच्याच माथी येते. आमच्यापैकी बहुतेकांना हे कागद कोठे मिळतात हे नीट ठाऊक असते.

कायदेकारण :
विसाराच्या पावतीवर नेमके काय लिहिले आहे?

ठाणेकर :
"व्यवहार मोडल्यास रक्कम परत मिळणार नाही" असे. पावतीवर सही विक्रेत्याची आहे आणि साक्षीदार म्हणून दलालाची.

कायदेकारण :
मग त्या दोघांनाही नोटीस पाठवा. दोष दडवला असल्याचे दाखवता आले, तर त्या वाक्याच्या जोरावर विक्रेत्याला विसार गिळंकृत करता येणार नाही. तोपर्यंत सचिवांकडून अहवालाची शिक्का मारलेली प्रत लेखी अर्ज करून मागून ठेवा आणि दलालीची उर्वरित रक्कम देऊ नका.