मदत हवी आहे: मटमध्ये मराठी मेलच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं

कर्वेनगरी (सकाळी ८:१२)
मंडळी, मट (टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर चालणारा मेल प्रोग्रॅम) वापरणारं कोणी आहे का इथे? तीन महिने सुरळीत चाललं होतं. गेल्या रविवारपासून मराठी मेल उघडला की विषय आणि मजकूर, दोन्हीकडे प्रश्नचिन्हांची रांग. इंग्रजी मेल ठणठणीत. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आज रात्री जायलाच हवी (चिटणीस मीच, दुसरं कोणी तयार झालं नाही). काल चाचणी म्हणून खजिनदारांना पाठवली तर त्यांचा फोन, "कीबोर्डवरून मांजर गेलं का हो?"
मी काहीही बदललेलं नाही. ब्राउझर वापरा असं कृपया कोणी सांगू नये.
शिवाय बँकेचे मेल उघडले की मजकुराऐवजी टोकदार कंसांचा कचरा दिसतो. तेही जमल्यास सांगा.

तपकीरगल्ली (८:२०)
लॅपटॉप किती जुना? रॅम किती? बुधवार पेठेत जाऊन रॅम वाढवून आणा आणि सरळ ब्राउझर वापरा. असले काळ्या पडद्याचे उद्योग कशाला?

कर्वेनगरी (८:२३)
वर काय लिहिलंय ते वाचता का हो?

जुनीओळख (८:३१)
फाँटचा प्रश्न आहे. आमच्या छापखान्यात कृतिदेवमधली फाइल आली की असंच व्हायचं.

टिल्डाताई (८:४४)
फाँटचा नाही. कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर फाँटशिवाय उघडला तर रोमन अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते, प्रश्नचिन्हं नाही. आणि फाँट नसेल तर चौकोन दिसतात. प्रश्नचिन्ह म्हणजे मट सांगतोय की हे अक्षर मला या पडद्यावर दाखवता येणार नाही.
कर्वेनगरी, हे सांगा: लिनक्स कुठलं, टर्मिनल कुठलं, मट थेट उघडता की टीमक्समध्ये (टर्मिनलमधली सत्रं चालू ठेवणारा प्रोग्रॅम)? आणि नक्की प्रश्नचिन्हंच आहेत ना, की अधोरेखा? फरक पडतो.

कर्वेनगरी (८:४९)
लिनक्स. प्रश्नचिन्हं. टीमक्स आहे.

अर्धाकटिंग (९:०५)
सोपं आहे. मटआरसीमध्ये (मटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) सेट कॅरसेट बरोबर यूटीएफ-८ अशी एक ओळ टाका, विषय संपला. मी गेली सहा वर्षं असंच ठेवलंय.

टिल्डाताई (९:११)
कृपया टाकू नका. मट तो कॅरसेट (अक्षरं साठवण्याची पद्धत; यूटीएफ-८ मध्ये मराठीही बसते) यंत्रणेच्या लोकेलवरून, म्हणजे भाषा-अक्षरांच्या सेटिंगवरून, स्वतःच ठरवतो. लोकेल बिघडलेलं असताना हाताने खोटं सांगितलं तर मट यूटीएफ-८ पाठवत राहतो आणि पडदा मोडतो: ओळी सरकतात, तारखा नावांवर चढतात. दुखणं लोकेलचं असेल तर औषध तिथेच द्यायला हवं.

अर्धाकटिंग (९:१४)
माझा पडदा सहा वर्षांत मोडला नाही.

टिल्डाताई (९:१५)
कारण तुमचं लोकेल मुळात बरोबर आहे. ती ओळ काढून बघा, काहीही फरक पडणार नाही.

शेलअकाउंट (९:४०)
मट बघून जुने दिवस आठवले. आम्ही विदेश संचार निगमच्या विद्यार्थी खात्यावर पाइन वापरायचो. चित्रं नाहीत, माऊस नाही, मोडेमचा कर्कश्श आवाज, आणि घरच्यांचा फोन अडकला म्हणून आईची बोलणी. पाइन १९८९ चा, वॉशिंग्टन विद्यापीठाचा. आता त्याचाच अवतार अल्पाइन आहे. खाली सगळ्या कळांची यादी कायम दिसते, डोक्याला ताप नाही. मट शिकण्यात आयुष्य का घालवता?

इमॅक्सपंथी (९:५२)
अल्पाइन काय, मट काय. इमॅक्स या संपादकात एमयू-फोर-ई हा मेलचा जोड बसवा. मेल, डायरी, हिशेब सगळं एका जागी.

शेलअकाउंट (९:५५)
आणि चहा?

उपविधीप्रेमी (१०:१०)
मूळ प्रश्नाबद्दल: आदर्श उपविधीनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी जायला हवी. पूर्ण दिवस म्हणजे नोटिशीचा दिवसही धरायचा नाही आणि सभेचाही नाही. आज रात्री पाठवताय तर तारीख मोजून घेतलीत का?

कर्वेनगरी (१०:१३)
तो मूळ प्रश्न नव्हता. पण हो, मोजली आहे.

मुक्कामपोस्ट (१०:३०)
बँकेच्या मेलचं मी सांगतो. तो एचटीएमएल (वेबपानासारखा, खुणांनी सजवलेला) मेल आहे, मट तो स्वतः उलगडत नाही. डब्ल्यूथ्रीएम हा मजकुरी ब्राउझर बसवा. घरच्या फोल्डरमध्ये डॉट मेलकॅप नावाची फाइल करा, त्यात टेक्स्ट-एचटीएमएल आलं की डब्ल्यूथ्रीएमला डंपच्या रूपात द्यायची अशी एक ओळ, आणि त्या ओळीच्या शेवटी कोपियस-आउटपुट हा शब्द. तो शब्द विसरलात तर मट मेल आपल्या पडद्यात आणत नाही, मी यात एक शनिवार घालवला आहे. मग मटआरसीमध्ये ऑटो-व्ह्यू टेक्स्ट-एचटीएमएल. मेलला साधा मजकूरही जोडलेला असेल तर तो आधी दिसावा म्हणून अल्टरनेटिव्ह-ऑर्डरमध्ये आधी प्लेन, मग एचटीएमएल.
(आज्ञा देवनागरीत लिहिल्यात, पण टंकताना रोमनमध्येच टंका. मागे एकांनी खरंच देवनागरीत टंकल्या होत्या.)

कर्वेनगरी (११:०२)
मुक्कामपोस्ट, बँकेचं झालं! मनापासून आभार. कोपियसचं बरं झालं सांगितलंत.
प्रश्नचिन्हं तशीच. मघाशी चुकून डी दाबला गेला आणि खजिनदारांचे तीन मेल गेले. हे नवीनच.

मुक्कामपोस्ट (११:०५)
गेले नाहीत. डी नुसती खूण करतो. त्या ओळींवर जाऊन यू दाबा, खूण निघेल. डॉलर दाबला किंवा क्यूने बाहेर पडताना हो म्हणालात तरच खरे जातात. घाबरलात तर एक्सने बाहेर पडा, काहीही न नोंदवता बाहेर येतो.

टिल्डाताई (११:१०)
कर्वेनगरी, टर्मिनलमध्ये लोकेल एवढाच शब्द टंकून एंटर मारा आणि काय येतं ते जसंच्या तसं सांगा.

कर्वेनगरी (११:१८)
पहिल्या तीन ओळींत तक्रार आहे, कॅनॉट सेट एलसी-सीटाइप टू डिफॉल्ट लोकेल, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी वगैरे. खाली लँग बरोबर एमआर-आयएन. लॉगिन करतानाही आठवडाभर असलंच काहीतरी येतंय, मी लक्ष दिलं नाही.

टिल्डाताई (११:२०)
लॉगिन? कुठे लॉगिन?

कर्वेनगरी (११:२४)
मट लॅपटॉपवर नाहीये. हॉलमध्ये भाच्याने जुना डेस्कटॉप कायम चालू ठेवलाय, डेबियन लिनक्स आहे, लॅपटॉपवरून एसएसएचने (दुसऱ्या यंत्रात दुरून शिरायची सोय) त्यात जातो. हे सांगायला हवं होतं का?

टिल्डाताई (११:२५)
हो!! आणि रविवारी लॅपटॉपवर काय केलंत?

कर्वेनगरी (११:२९)
काही नाही. फक्त भाषा मराठी केली. मेनू मराठीत दिसतात, छान वाटतं. आधी अमेरिकन इंग्रजी होतं. पण मट त्या यंत्रावर नाही ना?

टिल्डाताई (११:४१)
तिथेच पाणी मुरतंय. उबुंटू-डेबियनमध्ये एसएसएच जाताना तुमची भाषा सोबत नेतं आणि पलीकडचं यंत्र ती स्वीकारतं. लॅपटॉप म्हणाला मराठी (तेच ते एमआर-आयएन). डेस्कटॉपवर मराठी लोकेल तयारच केलेलं नाही, म्हणून तो निमूटपणे सी नावाच्या मूळ लोकेलवर गेला. त्यात फक्त इंग्रजी अक्षरं. म्हणून मट प्रश्नचिन्हं दाखवतो. तुमची नोटीसही म्हणूनच बिघडली: मटला अक्षरं ओळखता आली नाहीत, त्याने मेलवर अननोन-एट-बिट असा शिक्का मारून पाठवून दिली. पुढे खजिनदारांच्या फोनने काय तो अंदाज बांधला.
डेस्कटॉपवर सुडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) डीपीकेजी-रिकॉन्फिगर लोकेल्स चालवा. यादीत एमआर-आयएन यूटीएफ-८ वर स्पेसने खूण करा, ओके. मग मट बंद करून पुन्हा उघडा.

अर्धाकटिंग (११:४५)
माझी ओळ टाकली असती तरी दिसलं असतं.

इमॅक्सपंथी (११:४७)
इमॅक्स असतं तर

टिल्डाताई (११:४८)
इमॅक्सलाही टर्मिनलमध्ये लोकेल लागतंच.

कर्वेनगरी (१२:२०)
भाचा हिंजवडीत, फोन उचलत नव्हता, पासवर्ड त्याच्याकडे. शेवटी मिळाला. केलं. आता प्रश्नचिन्हं गेली आणि त्यांच्या जागी अधोरेखा आल्या आहेत. प्रगती म्हणायची का?

टिल्डाताई (१२:२६)
म्हणायची! म्हणूनच सकाळी विचारलं होतं. प्रश्नचिन्हं मटची, अधोरेखा टीमक्सच्या. टीमक्स लोकेलच्या नावात यूटीएफ-८ ही अक्षरं शोधतो. तुमच्या लोकेलचं नाव नुसतं एमआर-आयएन आहे, यूटीएफ-८ असूनही नावात ते नाही, म्हणून त्याला पत्ता लागत नाही. टीमक्समधून डिटॅच व्हा आणि पुन्हा जोडताना टीमक्स, उणे यू, अटॅच असं टंका.

कर्वेनगरी (१२:३३)
दिसलं! "वार्षिक सर्वसाधारण सभा" असं सरळ मराठीत! खजिनदारांना परत चाचणी पाठवली, वाचता आली म्हणाले. विषयपत्रिकेत शुद्धलेखनाच्या दोन चुकाही काढल्या.
एकच, वेलांट्या अधूनमधून शेजारच्या अक्षरावर बसतात.

टिल्डाताई (१२:३६)
ते टर्मिनलचं. प्रत्येक अक्षराला ठरलेली चौकट देण्याच्या पद्धतीत देवनागरी नीट मावत नाही. वेगवेगळी टर्मिनल लावून बघा, एमएलटर्म मुद्दाम अशा लिप्यांसाठी केलेलं आहे. पाठवलेल्या मेलमध्ये मजकूर बरोबरच जातो, काळजी नको.

उपविधीप्रेमी (१२:५०)
नोटीस फलकावरही लावलीत ना?

कर्वेनगरी (१२:५३)
फलकाची किल्ली खजिनदारांकडे आहे आणि ते आत्ता झोपलेत.