कवटीचा सांधा लवकर जुळलेल्या प्रत्येक मुलाचे डोळे वर्षानुवर्षं तपासायचे का?

चाळशी:
क्रेनिओसिनोस्टोसिसचं, म्हणजे कवटीचा सांधा वेळेआधी जुळल्याचं, निदान झालं की घरचे आणि सर्जन, सगळे डोक्याच्या आकारामागे लागतात. डोळ्यांचं नंतर बघू म्हणतात. माझं मत: सांधा कुठलाही जुळलेला असो, निदानाबरोबरच डोळ्यांची पहिली तपासणी व्हावी आणि मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ती चालू राहावी. आळशी डोळा (लहानपणी नीट वापर न झाल्याने नजर कमी राहिलेला) सुधारतो तो मुख्यतः याच वयात.

फटकळ:
"सांधा कुठलाही" हे पटलं नाही. सर्वांत जास्त आढळतो तो डोक्याच्या मधोमध पुढून मागे जाणारा सॅजिटल सांधा. डोळ्यांच्या खोबणीपासून तो लांब, त्या मुलांत तिरळेपणा कोरोनलवाल्यांपेक्षा (कपाळामागे या कानाकडून त्या कानाकडे जाणारा सांधा) बराच कमी. त्यांनाही दरवेळी धरून ठेवून थेंब घालायचे?

चाळशी:
खोबण लांब असेल, पण मेंदूवरचा दाब सॅजिटलमध्येही वाढू शकतो. त्या दाबाने दृष्टीची नस सुकली की गेलेली नजर परत येत नाही.

फटकळ:
मग हेही लिहा की लहान मुलांत दाब वाढूनही नसेला सूज दिसेलच असं नाही. पडदा "नॉर्मल" निघाला की आईबाप निर्धास्त होतात. असला धीर काय कामाचा?

तिसरा_कोन:
म्हणून तपासणीच नको, हा कुठला न्याय? व्हीईपी (डोळ्याचा संदेश मेंदूपर्यंत कसा पोचतो ते मोजणारी तपासणी), ओसीटी (पडद्याचं आणि नसेचं स्कॅन) करता येतात, आधीच्या नोंदीशी ताडता येतात. आधीची नोंद असली तर!
एका बाजूचा कोरोनल जुळला असेल तर वेगळीच गंमत. त्या बाजूची खोबण वर ओढली जाते, डोळ्याचा एक स्नायू कमी पडतो, मूल मान कलती ठेवतं. सगळ्यांचं लक्ष त्याच डोळ्याकडे. सिलिंड्रिकल नंबर मात्र बरेचदा दुसऱ्या, दिसायला चांगल्या डोळ्यात जास्त निघतो. चष्मा राहिला की तोच आळशी होतो. ऑपरेशननंतर कपाळ सरळ दिसलं म्हणून फाइल बंद करणाऱ्यांचा मला राग येतो.

फटकळ:
कोरोनलला मान्य. क्रूझाँ, एपर्ट या जनुकीय आजारांत तर वादच नाही, तिथे डोळे इतके पुढे येतात की पापणी पुरत नाही आणि बुबुळ कोरडं पडतं. सॅजिटलला मात्र निदानाच्या वेळी एकदा, ऑपरेशननंतर एकदा, पुढे लक्षण दिसलं तर.

चाळशी:
लक्षण सांगणार कोण? एका डोळ्याने कमी दिसणारं मूल दुसऱ्यावर बिनबोभाट निभावतं. वर्षातून एकदा तरी बघाच, त्याखाली मी येणार नाही.