सिग्नलला गाडी थांबली की एसी गार करत नाही. दोनदा गॅस भरूनही तेच

मुलुंडकर

नमस्कार. माझ्याकडे सात वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक असून मी रोज मुलुंडहून फोर्टला ये-जा करतो. पूर्व मुक्त मार्गावर गाडी साठ-सत्तरच्या वेगाने धावत असताना एसी उत्तम गार करतो, परंतु छेडानगरच्या कोंडीत पाच मिनिटे अडकले की झोतातून जवळजवळ साधी हवा येऊ लागते. फेब्रुवारीत गॅरेजमध्ये गॅस कमी असल्याचे सांगून तो भरण्यात आला, तेव्हा बरे वाटले. मे महिन्यात तक्रार परत सुरू झाल्यावर पुन्हा गॅस भरला, आणि त्यानंतर उभ्या गाडीतला थंडावा पूर्वीपेक्षाही कमी झाला. आता कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) बदलावा लागेल असे सांगतात. केबिन फिल्टर मी स्वतः बदलला आहे आणि ब्लोअरचा जोर चांगला आहे. कॉम्प्रेसर खरोखरच गेला आहे का, हे खर्चात पडण्यापूर्वी कसे ओळखावे?

गेजवाला

कॉम्प्रेसरवर संशय घेण्याआधी बॉनेट उघडून कंडेन्सरचा (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या, गाडीच्या तोंडाशी असलेल्या नळ्या-पात्यांच्या चौकटीचा) पंखा पाहावा, असे मी सुचवेन. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा कंडेन्सरमधील उष्णता वाहून नेतो. गाडी उभी राहिली की ते सगळे काम एकट्या पंख्यावर येते. म्हणून धावताना गार आणि थांबल्यावर गरम, हे लक्षण ऐकले की माझे लक्ष प्रथम पंख्याकडे जाते. उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे कमी असल्याने कॉम्प्रेसरही मंद चालतो, त्यामुळे थोडा फरक निरोगी गाडीतही पडतो, पण साधी हवा येण्याइतका नाही.

एसी चालू करून वर्तमानपत्राचा एक कागद जाळीसमोर, कंडेन्सरच्या पुढे धरा. पंखा नीट ओढत असेल तर कागद चिकटून राहील. गळून पडला तर दोष तिथेच आहे. अनेक गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात आणि त्यासाठीचा रेझिस्टर (वेग कमी ठेवणारा रोधक) किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच) जळला की पंखा फिरताना दिसतो खरा, पण हव्या त्या वेगाने फिरत नाही. निव्वळ फिरताना पाहून समाधान मानू नये.

तुमच्या हकिगतीतील दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. बरे, दुसऱ्यांदा भरल्यावर थंडावा घटला, यावरून गॅस मुळात कमी नव्हताच, उलट आता तो जास्त झाला असावा. फेब्रुवारीत बरे वाटले ते बहुधा हवेच्या गारव्यामुळे.

वरळीचा वारा

मला हे पूर्णपणे पटत नाही. आमची गाडी समुद्राकडे तोंड करून उभी असते आणि खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या पडून अक्षरशः पिठासारख्या झडल्या. नळीला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले होते आणि लक्षणे अशीच होती. मुंबईत गळतीची शक्यता आधी तपासावी.

गेजवाला

गळती तपासायलाच हवी, यात दुमत नाही. नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने ती सापडते. परंतु गॅस कमी असता तर दुसऱ्या भरण्याने थोडे दिवस का होईना, सुधारणा दिसली असती. चालू इंजिनावर दाब मोजणारे गेज लावल्यावर दोन्ही बाजूंचे दाब, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचा (खालचा) आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या गॅसचा (वरचा), कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर कंडेन्सरला हवा अपुरी किंवा गॅस जास्त. आणि खालचा दाब चढलेला व वरचा पडलेला असेल तरच कॉम्प्रेसर दुबळा म्हणावा.

मात्र इंजिन बंद असतानाचा आकडा पाहून गॅसचे प्रमाण ठरवू देऊ नका. आर-१३४ए हा गाडीच्या एसीतला गॅस ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय दाब दाखवतो, मग आत दोनशे ग्रॅम असोत की चारशे. थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तोच राहतो. म्हणून सगळा गॅस यंत्राने काढून त्याचे वजन करावे आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम छापले आहेत तितकाच मोजून भरावा. भरण्यापूर्वी किमान अर्धा तास व्हॅक्यूम करायला, म्हणजे आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायला सांगा.

मुलुंडकर

सर्वांचे आभार. कागद दोन सेकंदही टिकला नाही. पंखा फक्त कमी वेगावर चालत होता, कारण जास्त वेगाचा रिले जळला होता. दुसऱ्या गॅरेजमध्ये चालू इंजिनावर गेज लावले तेव्हा वरचा दाब ३३० आणि खालचा ६० पीएसआय होता, म्हणजे दोन्ही जास्त. स्टिकरवर ४३० ग्रॅम लिहिले असताना आतून ६१० ग्रॅम गॅस निघाला! नायट्रोजनवर गळती आढळली नाही. रिले बदलला, कंडेन्सरच्या फटींतला चिखल आणि वाळक्या पानांचा चुरा साध्या पाइपने धुतला, आणि ४३० ग्रॅम गॅस मोजून भरला. कॉम्प्रेसर जुनाच आहे. आज छेडानगरला वीस मिनिटे अडकलो होतो आणि शेवटी गारठ्यामुळे ब्लोअर कमी करावा लागला.

वरळीचा वारा

माझा अंदाज चुकला, हे मान्य करतो. एक विनंती: पावसाळ्यात आतली हवा फिरवण्याचे बटण चालू ठेवा. एक लिटर पाण्याइतक्या वाफेचे पाणी करताना काढावी लागणारी उष्णता तेच पाणी ३० अंशांवरून १० अंशांवर आणताना काढाव्या लागणाऱ्या उष्णतेच्या जवळपास तीसपट असते, त्यामुळे बाहेरची दमट हवा सतत आत घेतली तर एसीची बरीच ताकद गाडीखाली ठिबकणारे पाणी काढण्यातच जाते. काचा धुरकटल्या तर मात्र थोडा वेळ बाहेरची हवा घ्यावी.

गेजवाला

जास्तीचा गॅस त्यांनी यंत्रात घेतला, हवेत सोडला नाही ना? आर-१३४ए वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो.

मुलुंडकर

यंत्रातच घेतला, १८० ग्रॅम त्यांच्याकडेच राहिला आणि त्याचे पैसे मी दोनदा मोजले होते.