मेटफॉर्मिन, बी-१२ची कमतरता आणि वारंवार जुलाब: काढ्यांवर कितपत विसंबावे?

प्रश्न:
माझी आई ६४ वर्षांची असून बऱ्याच वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. अलीकडे तिला वारंवार जुलाब होतात, पोट फुगते आणि तळपायांना मुंग्या येतात. रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व कमी, १६० आले असून आमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे. पुन्हा अँटिबायोटिक घेण्यापेक्षा कुटजारिष्ट (कुटजाच्या सालीचा आंबवलेला काढा) आणि बी-१२च्या इंजेक्शनाऐवजी स्पिरुलिना (पूरक आहार म्हणून विकले जाणारे शेवाळ) द्यावी, असे नातेवाईक सुचवतात. हे योग्य ठरेल का?

पहिले उत्तर:
आवेवर कुटजाची साल आयुर्वेदात पूर्वापार वापरली जाते. परंतु कोणत्याही अरिष्टात गूळ, साखर किंवा मध असतो, आणि ते आंबवूनच बनत असल्यामुळे त्यात थोडा मद्यार्कही उतरतो. मधुमेह्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी गैरसोयीच्या आहेत. बेलाच्या मुरंब्यातही साखर असतेच. कुटजघन वटीत, म्हणजे त्याच सालीच्या अर्काच्या गोळीत, ही अडचण नसते, तरी ती वैद्यांना विचारूनच घ्यावी. शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर मात्र घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

दुसरे उत्तर:
स्पिरुलिनाचा आग्रह कृपया सोडा. तिच्यातील बी-१२सारखा दिसणारा घटक बहुतांशी शरीराच्या उपयोगी पडत नाही. शाकाहारात बी-१२ मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्याचे शोषण घटते. मुंग्या मधुमेहामुळेच असणार असे गृहीत धरून कित्येकांची ही कमतरता वर्षानुवर्षे निसटते. शोषण बिघडलेले असतानाही १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतील सुमारे १ टक्का भाग शरीरात जातो, म्हणून गोळ्याही उपयोगी पडतात; तरी नसांची लक्षणे असताना डॉक्टर सहसा इंजेक्शनापासून सुरुवात करतात. नुसते फॉलिक ॲसिड देऊ नये, कारण त्याने हिमोग्लोबिन सुधारलेले दिसते आणि नसांची हानी आतून चालूच राहते.

तिसरे उत्तर:
मुळात हा संसर्ग आहे, हे कोणी तपासले आहे का? मेटफॉर्मिननेही जुलाब होतात. शिवाय जुन्या मधुमेहात आतड्यांची हालचाल मंदावली, की लहान आतड्यात जिवाणू माजतात, पोट फुगते आणि बी-१२ तेच खाऊन टाकतात; म्हणजे दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते. त्यामुळे आधी शौचाची तपासणी करावी, आणि संथपणे विरघळणारी मेटफॉर्मिन चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. गोळी परस्पर बंद करू नये.

प्रश्नकर्ती:
शौचाची तपासणी आजवर झालेलीच नाही, अँटिबायोटिक अंदाजानेच दिले गेले होते. ती आधी करून घेते.