माळ्यावरची आठ तारांची गिटार कोणत्या सालची?

वेंगुर्ला_बंदर: नमस्कार. आजोबा मालवाहू बोटीवर होते. अमेरिकेहून त्यांनी आणलेलं एक वाद्य माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलेलं होतं. घरात सगळे त्याला हवाईन गिटार म्हणतात. आठ तारा, चार पाय, सहा पेडल, पोटाखाली पोलादी वायरी. पुढे फेंडर असं नाव. जोडीला त्याच कंपनीचा अँप्लिफायर. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी १९५० सालचं सांगतो. मामा म्हणतो, रॉकेलने पुसून काढ. मला विकायचं नाही, पण साल कळायला हवं.

मांडवी_रत्नागिरी: मामांना सांगा, रॉकेल अजिबात नको. पॉलिश जाईल, ते परत येत नाही.

व्हॅन शिपलींच्या रेकॉर्डी ऐकून मी हवाईन शिकलो, ऑर्केस्ट्रात वाजवली. तुमची पेडल स्टील आहे. हवाईनमध्ये तारांवरून पोलादी बार सरकवायचा, बस्स. इथे पेडल दाबलं की ठरलेली तार वाजता वाजताच चढते किंवा उतरते. एकच नेक (तारा ताणलेली पट्टी), आठ तारा आणि वायरींची रचना, म्हणजे फेंडर ४००. दोन नेक असते तर १००० म्हटलं असतं. ही दोन्ही मॉडेलं आली १९५७ च्या सुमारास, तेव्हा १९५० शक्यच नाही.

आता बटणांची पट्टी स्क्रू काढून हळूच उचला. व्हॉल्यूम कंट्रोलच्या पाठीवर आकडा कोरलेला असेल, तो वाचून इथे टाका. वायर ओढू नका.

वेंगुर्ला_बंदर: भिंगातून वाचला: ३०४६३४१. दुसऱ्या कंट्रोलवरही तोच.

मांडवी_रत्नागिरी: वा! ३०४ म्हणजे कंट्रोल बनवणारी स्टॅकपोल कंपनी, ६३ हे साल, ४१ हा आठवडा. कंट्रोल ऑक्टोबर १९६३ चा. गिटार त्याआधीची नाही. कंट्रोल कारखान्यात पडून राहिला असेल तर नंतरची. १९६६ च्या कंट्रोलचा साठा फेंडरने पुढे कित्येक वर्षं वापरला, म्हणून त्या सालचा आकडा फसवतो. तुमचा तसा नाही. दोन्ही कंट्रोल एकाच आठवड्याचे आहेत ही मोठी गोष्ट. कंट्रोलवरच्या वायरींचा डाख (सोल्डर) जुना आणि न छेडलेला दिसत असेल तर १९६३ अखेर किंवा १९६४ धरा. १९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने घेतली, त्याच्या आधीचा हा माल. कंट्रोल खरखरले तरी बदलू नका, तुमचा पुरावा तोच आहे.

मालवण_रेडिओ: अँप्लिफायर घरच्या प्लगात लावू नका! अमेरिकेतला तो ११७ व्होल्टवर चालतो, आपल्या २३० वर जळेल. आधी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि इतकी वर्षं बंद होता म्हणून कपॅसिटर तपासून घ्या. गिटारला स्वतःला वीज लागत नाही, ती दुसऱ्या अँप्लिफायरवर बिनधास्त ऐका. आपल्या खाऱ्या हवेत वायरी आतून गंजतात, म्हणून आधी तारा सैल करा, एकेक पेडल हाताने दाबून बघा. सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. वाजाक लागली की आमकां ऐकवा.