मदत हवी आहे: आईच्या गमती बाबांसमोर सांगाव्यात की नाही?

आई जाऊन आठ महिने झाले. बाबा ७४ वर्षांचे, सांगलीत आमच्याकडेच असतात. जेवण, झोप, औषधं वेळेवर. फक्त बोलणं आटलंय. पूर्वी पंगतीत सगळ्यांची फिरकी घेणारा माणूस हा.

शेजारच्या काकांनी त्यांना हास्यक्लबात नेलं. दहा मिनिटांत परत आले. "उगाच हसायला मला नाही जमत," म्हणाले. हर्नियाचं ऑपरेशन झालंय, पण डॉक्टरांची हसण्याला हरकत नाही. समुपदेशकांकडे दोनदा जाऊन आले, आता नको म्हणतात. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, पण फोनवर ते मोकळे होत नाहीत.

परवा माझ्या मुलाने सहज आठवण काढली. आईने 'साखर' लिहिलेल्या बरणीत मीठ भरलं होतं आणि बाबांनी पाहुण्यांसमोर तो चहा हूं की चूं न करता संपवला होता. बाबा खळखळून हसले, पार ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसत आत गेले आणि दार लावून घेतलं. सकाळी पाहते तर ती बरणी पुसून ओट्यावर ठेवलेली!

बहीण म्हणते, खपली काढू नका. मला वाटतं, बरणी त्यांनी स्वतःहून काढली, म्हणजे त्यांना हे हवंय. ज्यांनी घरात असं दुःख पाहिलंय त्यांनी कृपया सांगा: अशा आठवणी आपणहून काढाव्यात, की ते विषय काढेपर्यंत थांबावं? आणि ते उठून आत गेले, तर मागोमाग जावं का?