खर्डा, मसुदा की आवृत्ती?

देवगडहून: इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफवरचा एक लेख मराठीत आणतेय. तिथे कच्च्या कागदाचं नाव असं असतं: ड्राफ्ट-हॅमिल्टन-क्विक-ट्रान्स्पोर्ट-प्रोटोकॉल-००. (क्विक ही इंटरनेटवर माहिती वाहून नेण्याची एक पद्धत.) दर सुधारणेला वाढणाऱ्या शेवटच्या ००, ०१ला 'आवृत्ती' लिहिलं, पण कानाला खटकतंय. आणि ड्राफ्टला काय म्हणू, मसुदा की खर्डा?

गुहागरहून: आवृत्ती नकोच, ताई. आवृत्ती म्हटलं की पुस्तक छापून दुकानात आलं. सरळ 'खर्डा ००', 'खर्डा ०१' म्हणा.

पण मसुदाही टाकू नका, दोघांना वेगळी कामं द्या. हॅमिल्टन हे एका लेखकाचं आडनाव. म्हणजे कागद अजून लेखकांपुरताच; असा कुणीही लिहून धाडू शकतो. तो खर्डा. आयईटीएफमधल्या त्या विषयाच्या कार्यगटाने पत्करला की नाव होतं ड्राफ्ट-आयईटीएफ-क्विक-ट्रान्स्पोर्ट, आणि मोजणी परत ००पासून. आता तो मसुदा. तिथले लोकही या पायरीला दत्तक घेणंच म्हणतात, आणि दत्तक गेल्यावर आडनाव बदलायचंच. हा मसुदा ३४पर्यंत गेला, मग मे २०२१मध्ये आरएफसी ९००० झाला, म्हणजे क्रमांक मिळालेला पक्का कागद. त्यानंतर त्यातलं अक्षर हलत नाही; सुधारायचं तर नवा क्रमांक घ्यायचा.

वेंगुर्ल्याहून: आणि आरएफसी म्हणजे काय, तर 'अभिप्राय कळवा'! १९६९पासून तांच नाव. पक्को झालेलो कागद, तरी म्हणता अभिप्राय कळवा. आमच्या ग्रामसभेत असा चलात काय?

राजापूरहून: मसुदा हा अरबी 'मुसव्वदा'. मुळात अर्थ 'काळा केलेला'. स्वच्छ प्रतीला त्याच भाषेत 'पांढरी केलेली' म्हणतात. आपण कागद काळे करतो ते उगाच नाही. खर्डा तर उघडच खरडण्यातून आला, खर्डेघाशी त्याच घरातली. त्यामुळे गुहागरकरांची वाटणी मला पटते, जरी जुन्या दप्तरांत इतकी काटेकोर नसली तरी.

देवगडहून: पटली मलाही. आमच्या मच्छीमार संस्थेचे पोटनियम आठवले. फायली होत्या 'पोटनियम अंतिम', 'पोटनियम अंतिम नवीन' आणि 'पोटनियम अंतिम दादांनी बघितलेलं'. सभेत छापून आली ती मधली. डिझेल परताव्याचं कलम जुनंच, आणि अर्धा तास भांडण. त्यापेक्षा ००, ०१, ०२ बरं. 'अंतिम' हा शब्द नावात येऊच द्यायचा नाही. शिवाय आयईटीएफमध्ये सहा महिन्यांत नवा खर्डा आला नाही तर जुन्याची मुदत संपते. आमचा 'अंतिम नवीन' अजून तिघांच्या फोनवर जिवंत आहे.

एक राहिलं. वेबच्या एचटीटीपी नियमांवर काम करणाऱ्या एचटीटीपीबिस या कार्यगटाच्या नावातला 'बिस' लॅटिन, अर्थ 'दोनदा'. आधीचा आरएफसी पुन्हा लिहायला घेतला की तो शेपटासारखा लावतात. त्याला काय म्हणू? 'द्वितीय' फार पुस्तकी होतंय.

गुहागरहून: दुबार. पेरणी दुबार होते, तसा मसुदाही.

वेंगुर्ल्याहून: दुबार घाटावरचो. आमच्याकडे दुसऱ्या भातपिकाक वायंगण म्हणतत, तांच म्हणा!